चिलटं चावली आहेत, बाकी काही नाही

सोमवार, ४ ऑगस्ट
शनिवारी लॉन बोल्सची जोडीची फायनल. मी आणि रेक्स. क्लबच्या कपावर आमची नावं केव्हाच कोरली जायला हवी होती. पंचांचे डोळे अधू, त्याला मी काय करणार. आजपासून नियम: रोज हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा सराव, बिअर एकच, नऊला दिवे बंद.

सकाळी शाळेसमोर 'थांबा'ची पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून दिला. पोरं कमीच. कांजिण्यांची साथ आहे म्हणे. हल्लीची पोरं नाजूक. आमच्या वेळी एका घरात कांजिण्या आल्या की आया सगळ्या पोरांना तिथे पार्टीला पाठवत. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, म्हणून. मी आणि रेक्स दोघंही नोलीनच्या पार्टीला होतो. नारळाचा केक होता. बाकी फक्त पाय आठवतात, सगळ्यांचे पाय. का कोण जाणे.

बिअर तीन. नियम उद्यापासून.

बुधवार, ६ ऑगस्ट
पोटावर लाल पुटकुळ्या. चिलटं. काल खाडीकाठी गळ टाकून बसलो होतो ना.

रेक्सबरोबर सराव केला. किमो जूनमध्ये संपली, पण गडी अजून पापडासारखा. साध्या सर्दीवाल्याच्याही जवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलंय. त्याची बायको मॅरियन दारातच सगळ्यांना हात धुवायला लावते. बाई जरा अतीच करते. जोडीदार माझ्यासारखा ठणठणीत मिळाला, हे त्याचं नशीब.

ग्लेनिसचा फोन. ती रॉकहॅम्प्टनला बहिणीकडे, बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. पुटकुळ्यांचं बोललो नाही. बायको माझी असली तरी बातमी आधी मॅरियनला पोचते.

गुरुवार, ७ ऑगस्ट
पुटकुळ्या पाठीवर, छातीवर, डोक्यात. काहींत पाणी. साखरेच्या मिलपलीकडे तोडणीआधीचा ऊस पेटवलाय, दिवसभर काळी राख पडते आहे. राखेचीही ॲलर्जी असू शकते. म्हणजे चिलटं अधिक राख.

केमिस्टकडे गेलो. ब्रॉनविनने शर्टाच्या आत एक नजर टाकली आणि दोन पावलं मागे सरली. म्हणाली, काका, या कांजिण्या आहेत, आजच डॉक्टरकडे जा आणि घराबाहेर पडू नका. मी तिला नोलीनच्या पार्टीचं सांगितलं. म्हणाली, पार्टीला गेलात हो, पण अंगावर आल्या होत्या का? काय हा प्रश्न! लग्नाला गेलेल्याला जेवलात का विचारण्यासारखं. गुलाबी लोशन घेऊन बाहेर पडलो.

तरी निष्काळजी माणूस नाही मी. कातडीचा प्रश्न कातडीच्या डॉक्टरने सोडवावा. आमच्याकडे स्किनवाला महिन्याच्या चौथ्या सोमवारी येतो, हॉलच्या मागच्या खोलीत बसतो, उन्हाने आलेले डाग गार फवाऱ्याने जाळतो. सगळं गाव त्याच्याकडेच जातं. फोन केला. पंचवीस तारीख मिळाली. घाईचं असेल तर नेहमीच्या डॉक्टरकडे जा, असं फोनवरची पोरगी म्हणाली. तो काय करणार? झोपा म्हणणार. शनिवारी फायनल आहे.

ठरलं. तज्ज्ञाचं मत येईपर्यंत ही चिलटंच.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
ताप. मोठ्या सामन्याआधी खेळाडूंना येतो.

खाजवायचं नाही, असा नियम केला. दहा वाजता मोडला. मग डोक्यापुरती सूट दिली, ती सगळ्या अंगाला लागू झाली.

शनिवार, ९ ऑगस्ट
जिंकलो!!

क्लबचा लांब बाह्यांचा शर्ट घातला. चेहऱ्यावरच्या चार पुटकुळ्यांना ग्लेनिसची पावडर. तरी रेक्सने पाहिलंच. म्हणाला, लेका, नाकावर काय उगवलंय? म्हटलं, चिलटं. तो हसला नाही. म्हणाला, नेव्हिल, खरं सांग. काही असेल तर मी आत्ता घरी जातो, कप गेला खड्ड्यात. म्हटलं, अरे, नोलीनच्या पार्टीला आपण दोघंही नव्हतो का? तो म्हणाला, होतो की, कांजिण्या झाल्यात का असं हॉस्पिटलात विचारलं, तेव्हाही मी छातीठोक तेच सांगितलंय. मग हसला. म्हणाला, काय केक होता रे!

माझे चेंडू सारखे कडेच्या चरात जात होते, हिरवळ डोळ्यांपुढे हलत होती. रेक्सने एकट्याने सामना ओढला. शेवटचा चेंडू त्याने आमच्या दोघांच्या फडक्याने पुसला, सोडला, आणि तो पांढऱ्या जॅकला, नेमाच्या त्या छोट्या चेंडूला, अलगद टेकला. मिठी मारली मला. सगळी हाडं लागली. कपात बिअर ओतली, आधी मी प्यालो, मग तो.

मॅरियनने मला दुरून हात केला. जवळ आली नाही. शिष्ट.

शनिवार, १६ ऑगस्ट
खपल्या धरल्या. औषध नाही, डॉक्टर नाही. ब्रॉनविनच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा गेलो. तिने पाहिलं नाही.

रेक्स आज क्लबात माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कप मागायला. आठवडा माझा, आठवडा त्याचा, असं ठरलं होतं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी देतो.

शनिवार, २३ ऑगस्ट
कप न्यायला रेक्स आला नाही. मॅरियनचा फोन. काल रात्रीपासून पोटात भयंकर दुखतंय, विमानाने टाउन्सव्हिलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांना कळत नाही कशाने. म्हणाली, नेव्हिल, आठवून सांगा, तुमच्या आसपास काही होतं का, काहीही? म्हटलं, नाही.

पोटाचा आणि कातडीचा काय संबंध. कोळंबी खाल्ली असेल.

सोमवारी स्किनवाला आहेच. त्याला विचारतो. तोवर उगाच कशाला.

सोमवार, २५ ऑगस्ट
हॉलमध्ये सगळे नाकाला पट्ट्या लावून बसलेले. डॉ. विजेसुंदरा, मृदू माणूस. कानावरचे दोन डाग जाळले, गावाची चौकशी केली. मग पाठ बघून थांबले. हे काय? म्हटलं, चिलटं. ते म्हणाले, या कांजिण्यांच्या खुणा आहेत, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या. तेव्हा कुणाच्या जवळ होतात? कुणी गरोदर, कुणी आजारी?

मी रेक्सचं नाव घेतलं. किमोचं सांगितलं. पोटाचंही.

त्यांनी फवारा खाली ठेवला. माझ्यासमोरच टाउन्सव्हिलला फोन लावला. पाठमोरे बोलत होते. एवढंच ऐकू आलं की रेक्सच्या अंगावर पुरळ आज सकाळी उठलंय, पण कांजिण्या आत आधीच पसरल्यात. फोन ठेवून म्हणाले, शनिवारी कळलं असतं तर औषध शनिवारीच सुरू झालं असतं.

मी विचारलं, माझे पैसे किती झाले. त्यांनी दार उघडून धरलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट
ग्लेनिस परत आली. मी सगळं सांगितलं. तिने बॅग उघडली नाही, खुर्चीत बसून आहे.

मॅरियनचा फोन तिनेच घेतला. माझ्याशी बोलायचं नाही, निरोप फक्त सांगायचा, असं मॅरियन म्हणाली. रेक्सला श्वास पुरत नाही, नळी घातली. घालण्याआधी त्याने मॅरियनला सांगितलं, नेव्हिलला म्हणावं, नोलीनच्या घराखाली लपायची युक्ती माझी होती.

आठवलं. घर उंच खांबांवर उभं, पार्टी वर चालली होती. आम्ही दोघं केक पळवून घराखाली खांबांमध्ये बसलो होतो, अंधारात, संध्याकाळपर्यंत. पायऱ्यांवरून सगळ्यांचे पाय जाताना दिसत होते. आम्हाला एक पुटकुळीही आली नाही, म्हणून किती हसलो होतो.

तो कप नेऊन देणार होतो. आता कुठे नेऊ कळत नाही. मला फार भीती वाटते.

अंगाची खाज पूर्ण थांबली आहे.