निरोगी यादीतली भिंगरी

२ मार्च
आले एकदाची! प्रयोगशाळा पांढरीशुभ्र, राहायला दोन खोल्या, आणि माझी सहा वर्षांची भिंगरी आल्याआल्या जिन्यावर उड्या मारत सुटली. काम सरळ आहे. मुलांच्या रक्ताच्या नळ्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि कुणाच्या जनुकांत मधुमेहाला वाट देणारा फरक आहे ते यंत्रावर पाहायचं. माझा भाऊ नवव्या वर्षी याच रोगाने गेला. सगळे नशिबाला हात जोडून बसले. आग लागो त्या हात जोडण्याला! इथे माणूस रोगाच्या आधी दाराशी उभा राहतो. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, अगं बाई, भाषण पुरे, ताट निवतंय.

९ मार्च
कर्मचाऱ्यांच्या मुलांचीही तपासणी झाली. फरक निघालेली मुलं दोन वर्षं उत्तरेच्या इमारतीत राहतात, आईबापांना भेट नाही. भिंगरीच्या रक्तात फरक आहे. स्वयंपाकीणबाईंच्या नातीच्या नाही.
मी दोन्ही चिठ्ठ्या सोलल्या आणि अदलाबदल केली. फरक म्हणजे रोग नव्हे, असं मीच सगळ्यांना ठणकावून सांगते ना?

१७ मार्च
नात उत्तरेला गेली. बाई ढसाढसा रडल्या. मी त्यांची समजूत काढली. जीभ झडली नाही माझी.

४ मे
भिंगरी बाटल्यांवर बाटल्या पाणी पिते. अंथरूण ओलं. फ्रॉक खांद्यावरून घसरतो. नर्स हसली, म्हणाली, ताई, तुमची लेक निरोगी यादीत आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. उत्तरेत मात्र मुलांची रोज साखर तपासतात, लक्षण दिसताच इन्सुलिन देतात. हे मला आज कळलं.
लेकरू सुकलं म्हणून स्वयंपाकीणबाईंनी तिला मायेने दोन पेले गोड सरबत पाजलं.

५ मे, सकाळ
तिच्या तोंडाला सडक्या फळांचा वास. भावाच्या खोलीत हाच —
प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांचे पाय धरले. सगळं कबूल केलं. ते म्हणाले, मी प्रत्येक नळी पुन्हा तपासतो, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. उपचाराविना हा रोग कसा चालतो हे पाहायला कुठली आई मूल देते? तुम्ही आपणहून दिलंत.

दुपार
फाटक त्यांच्या सहीशिवाय उघडत नाही. इन्सुलिन त्यांच्या खिशात. म्हणाले, रोग चढेल तसा श्वास वाढतो, तो मोजा. मिनिटाला पन्नास झाले की देतो.
छत्तीस. एकेचाळीस. वाढ गं, वाढ — आई म्हणवते मी —
सत्तेचाळीस.
त्रेचाळीस. का कमी —
तीस. भिंगरी, जोरात घे, बाळा, अजून जोरा—