चाकावर माणूस

३० जानेवारी

जिन्याच्या कठड्याचे बावन्न दांडे. सगळे एका मापाचे, मार्च संपायच्या आत. कंत्राटदार दारात उभ्या उभ्या म्हणाला, "तुमच्या हातात बाबांचा हात उतरलाय, त्यात वाद नाही. पण चाक कोण फिरवणार?"

आमचा लेथ दोन माणसांचा. एकाने मोठं चाक फिरवायचं, दुसऱ्याने लाकूड कातायचं. बाबा कातायचे, मी चाकावर. रविवारी तासभर अदलाबदल, त्यातच मी कातकाम शिकले. बाबांना जाऊन चार महिने झाले. आता दोन्ही जागा माझ्याच, आणि मी एकटी.

त्याला म्हटलं, मोटर बसवते. म्हणाला, "बसवा, मग बोलू." पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

१ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. "ताई, किती दिवस त्या भुशात बसणार? घर विकून टाक. आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे."

रिकामीच! म्हणजे इस्त्रीचं टेबल आणि तिच्या नवऱ्याची सायकल हलवली की रिकामी. तिचा जीव तुटतो माझ्यासाठी, कळतं मला. पण तिथे मी काय करू? सकाळी सगळे बाहेर पडल्यावर त्या खोलीत बसून दाराची बेल ऐकत राहू?

हे काम हातचं गेलं तर मात्र दुसरी वाट नाही.

२ फेब्रुवारी

बंद पडलेल्या कारखान्यातून मोटर आणली. तीन हॉर्सपॉवर. वायरमनने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या मीटरकडे पाहिलं आणि हसला. "ताई, ही घरच्या लाइनवर कुठली फिरते? हिला थ्री फेज लागतो."

म्हटलं, बाबांनी मागे अर्ज केला होता. मिळाला नाही. 'आपल्या गल्लीत देत नाहीत गं,' असंच म्हणायचे.

"देत नाहीत? अहो, कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत आलाय की! किती वर्षं झाली."

बाबांना खांब दिसला नसेल. खाली मान घालून चालायचे.

४ फेब्रुवारी

वीज ऑफिस. दोन तास रांगेत. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"या पत्त्यावर अर्ज आहे. मंजूर झालेला."

"नामंजूर म्हणायचंय का तुम्हाला?"

"बाई, मला वाचता येतं. मंजूर. एकोणीस वर्षांपूर्वी. लाइन तेवढी घेतलेली नाही."

मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने स्क्रीनच माझ्याकडे वळवला. बाबांचं नाव. आमच्या घराचा नंबर. मंजूर.

जुना अर्ज माझ्या नावावर करायचा, बाबांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. मूळ फाइल रेकॉर्डच्या खोलीत आहे. ती शोधायला वेळ लागेल म्हणाला, पण त्यावाचून अडणार नाही.

घरी कशी आले आठवत नाही.

५ फेब्रुवारी

खोटं बोलले. बाबा माझ्याशी खोटं बोलले.

६ फेब्रुवारी

एकोणीस वर्षं! माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे. शिंपीण न सांगता उजवी बाही सैल ठेवते. छापखान्यात बोलावलं होतं मला, चांगली बैठी नोकरी. गेले नाही. का? तर चाकावर माणूस नाही. धाकटीच्या बाळंतपणाला चारच दिवस राहिले. का? चाकावर माणूस नाही!

आणि वीज कोपऱ्यावर येऊन उभी होती.

फुकटचं माणूस मिळालं, मग मोटरची गरज काय? असाच हिशोब असणार. त्यांच्या खुर्चीकडे पाहून हे मोठ्याने बोललेसुद्धा. उत्तर द्यायला कोण आहे? भांडायलाही समोर माणूस लागतो.

९ फेब्रुवारी

काल वाढदिवस झाला. धाकटीचा फोन, बस्स.

आजची तारीख मात्र मी एकोणीस वर्षांत विसरलेले नाही. नवऱ्याचं घर सोडून मी त्याआधीच्या ऑक्टोबरात इथे परत आले होते. आले ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. चार महिने. खायचं म्हणून खायची, केस विंचरायची नाही. बोलणं तर बंदच. डॉक्टर येऊन गेले, धाकटी रडून गेली. त्याच सुमारास चाकावरचे म्हातारे काकाही काम सोडून मुलाकडे राहायला गेले होते.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी बाबा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "चाकावर माणूस नाही गं. काम अडलंय. जरा येतेस?"

त्यांची दया आली म्हणून उठले. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी! दहा मिनिटांत हाताला फोड. बाबा मागे न बघता म्हणाले, "पोळी-भाजी खाल्लीस की हवा?" मला हसू आलं होतं. हे लिहिताना आज राग येतोय की काय येतंय, सांगता येत नाही.

१३ फेब्रुवारी

अर्ज माझ्या नावावर झाला, वीज ऑफिसचे लोक लाइनची मापं घेऊन गेले. कंत्राटदाराला मंजुरीचा कागद दाखवला. काम माझं!

२१ फेब्रुवारी

वायरमनने मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. "यात अधूनमधून पाणी घालत जा ताई. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग गेलं म्हणून समजा."

आता रोज संध्याकाळी खड्ड्याला पाणी घालते. घरात काळजी घ्यावी असं आता तेवढंच आहे.

१ मार्च

आली लाइन! लाइनमन खांबावर चढला, तीन तारा ओढल्या, नवं मीटर लागलं. वायरमनने स्टार्टर दाबला. मोटर घूं करून उठली आणि मी ओरडले, "बंद करा! उलटी फिरतेय!"

"तुम्हाला कसं कळलं? अजून लाकूडसुद्धा लावलं नाही!"

कसं कळलं म्हणजे? एकोणीस वर्षं ते चाक मी ओढलंय. लाकूड आपल्या अंगावर यावं लागतं, तरच हत्यार लाकडात रुततं. हे तर पळून चाललं होतं. त्याने तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. मोटर सुलट. एवढंच असतं होय!

पेढे वाटावेत असा दिवस, पण वायरमनला चहा दिला आणि दार लावलं.

४ मार्च

दिवसात सहा दांडे. बाबा आणि मी मिळून तीन करायचो.

पण घरात आवाज किती! चाकावर असताना बोलता यायचं. म्हणजे बाबा बोलायचे. त्यांची पाठ माझ्याकडे असायची, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मानेवरचा तीळ मला जास्त ओळखीचा. "सावकाश. हं, धर. आता सोड. हात मोडला का गं?" दिवसभर असं चालायचं. कधी शेजाऱ्याच्या नकला, कधी जेवणाची चौकशी. मी हळूहळू उत्तरं द्यायला लागले, मग उलट उत्तरं द्यायला लागले. मग धाकटी म्हणाली, ही पूर्वीपेक्षा जास्तच बोलते.

आज दुपारी कातताना मागे न बघताच म्हटलं, "सावकाश."

मोटर कसली सावकाश होतेय.

११ मार्च

बावन्न झाले. कंत्राटदाराने एकेक दांडा डोळ्यासमोर धरून पाहिला. एकही परत केला नाही. पुढचं काम देऊनच गेला. धाकटीला कळवलं, घर विकायचं नाही. ती म्हणाली, "बरं झालं. पण एकटी राहणार तू."

एकटी तर आहेच.

चाकाने अर्धी खोली अडवली आहे. भंगारवाल्याला सांगितलं, शुक्रवारी ने. किती वर्षं वाया घालवली त्याने माझी! मनापासून सांगितलं. तरी मूठ पुसून ठेवली, माझ्याच हातांनी गुळगुळीत झालेली.

१४ मार्च

लाइनमन पाकीट देऊन गेला. कारकुनाने पाठवलेलं, जुन्या फाइलमधले कागद. त्यात बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. तारीख १० फेब्रुवारी, एकोणीस वर्षांपूर्वीची.

'साहेब, थ्री फेज मंजूर केलात, आभारी आहे. पण तूर्त लाइन जोडू नये. माझी मुलगी चार महिने अंथरुणातून उठत नव्हती. काल चाक फिरवायला म्हणून उठली. मोटर आली तर ती परत जाऊन निजेल. अर्ज रद्द करू नये, थांबवून ठेवावा. ती पुरती बरी झाली की मी स्वतः येऊन सांगेन.'

सांगायला गेलेच नाहीत.

भंगारवाला आला होता. त्याला परत पाठवलं.