पापडाच्या डब्यातले चंद्र

लातूर

प्रिय,

याच्यापुढं काय लिहावं म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सगळं 'अहो'वर भागलं. नाव घ्यायची वेळ आली ती उखाण्यात, आणि तीही तुमच्या बहिणींनी दार अडवलं म्हणून. तर सध्या नुसतंच 'प्रिय' समजा, आणि हसू नका. हातात फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण मी फोनवर "कधी येताय" म्हणलं की तुमची रेंज जाते. चंद्रावरच्या खड्ड्यांचं चाललेलं असतं तोवर चांगली ठणठणीत असते. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून हा उद्योग.

इकडची खबर सांगते. नळाला पाणी कधी आलं होतं, यावर आता गल्लीत भांडणं होतात, कारण कुणाला नीट आठवत नाही. रेल्वेनं पाणी आलं त्या दिवशी आपले शेजारी अमृतराव निम्मी गल्ली घेऊन रेल्वे बघायला स्टेशनात गेले, आणि तेवढ्यात इकडं टँकर येऊन गेला. परत आल्यावर त्यांच्या बायकोनं, गौरम्मानं, त्यांच्यासमोर रिकामी घागर ठेवली आणि म्हणाली, "रेल्वे बघितली न्हवं, आता तीच प्या." त्यांना काही लाज नाही. त्यांचं सगळं लक्ष उदगीरकडं. उदगीर जिल्हा आता जाहीर होऊनच राहिलाय, फक्त कागद यायचा बाकी हाय, असं ते रोज सकाळी पेपर उघडण्याच्या आधी सांगतात, आणि पेपर वाचून झाल्यावर गप्प बसतात. राहतात लातुरात, पण नव्या जिल्ह्याच्या कृती समितीचे लातूर शाखेचे अध्यक्ष झालेत. शाखेत सध्या तेवढे एकच आहेत.

तुम्ही निघालात त्या दिवशी त्यांनीच तुम्हाला एसटीत हार घातला होता. मी मागं उभी राहून तुमच्या मांडीवरच्या डब्याकडं बघत होते. नांदेडची कुठली संस्था चंद्राचे जुने फोटो संगणकावर उतरवून जतन करणार, हे तुम्ही पेपरात वाचलं आणि घरातला सगळ्यात चांगला घट्ट झाकणाचा डबा कोणता म्हणून विचारलंत. तो पापडाचा होता. पापड मी पिशवीत काढले, त्यांचा चुरा झाला, आणि तुमच्या निगेटिव्ह मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात बसल्या. तिथं आपल्या सिंधूच्या सासरी उतरतो, आठ दिवसांत येतो म्हणालात. तेव्हा होळीची पोळी करायचा फाल्गुन होता, आता आंबा उतरून राहिलाय.

खरं सांगू, ते फोटो काढायचात तेव्हा मला त्यांचा रागच यायचा. रेणापूरला शाळेत मास्तर होता तेव्हाची गोष्ट. आरसा तुम्ही स्वतः घासून केलात, आणि दुर्बिणीची पत्र्याची नळी ज्यानं करून दिली, तो शेवटपर्यंत तिला पन्हळच समजत होता. रोल धुवायचे म्हणून न्हाणीला काळं कापड लागायचं, आणि घरातल्या माणसांनी आंघोळीला शेजारी जायचं. माझ्या लुगड्यांच्या मधे मधे तुमचे चंद्र चिमट्याला लटकलेले असायचे. तुमच्या आत्याबाई एकदा ते बघून हळूच मला म्हणाल्या, "सूनबाई, कुणाच्या पोटाचे फोटो हायत हे? बरं होण्यासारखं दुखणं हाय न्हवं?"

पण लातूर नवीन जिल्हा झाला आणि शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं, तेव्हा तुमचे फोटो एक अख्खी भिंत भरून लावले होते. मी नवीन लुगडं नेसून आले होते. कुणी मोठे साहेब आले, त्यांना ते दुष्काळी भागाचे विमानातून काढलेले फोटो वाटले. भुईला एवढे खड्डे, आणि हिरवं पान दिसेना. त्यांनी काळजीनं विचारलं, "इथं टँकर सुरू केला का?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, अजून तशी मागणी आलेली नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस बरा आहे. तोवर लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती.

आता एक न विचारता केलेली गोष्ट सांगते. निगेटिव्ह तुम्ही नेल्या, पण माळ्यावरच्या ट्रंकेत कागदावरचे फोटो होते. ते मी काढले आणि चंद्रप्पाच्या स्टुडिओत नेले. यंदा पाण्यापायी लोकांनी लग्नं पुढं ढकललीत, त्यामुळं चंद्रप्पा दुकानात माश्या मारत बसलेला. म्हणाला, "काकू, आणा, स्कॅन करून देतो, हात तरी चालू राहतील." मग मी रोज दुपारी जाऊन बसायला लागले. फोटोवरची धूळ मऊ ब्रशनं झटकायची, काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, आतून उजेड सरकत जातो आणि चंद्र पडद्यावर येतो. एवढं मला आता येतं. अडलं ते नावाला. चंद्रप्पा म्हणाला, प्रत्येकाला नाव दिल्याबिगर कॉम्प्युटर ठेवून घेत नाही. खड्ड्यांची नावं तुम्हाला ठाऊक, मला कुठली? मला आठवतं ते मी सांगत गेले. उजवी बाजू कापलेला होता तो सिंधूला गोवर आला होता तेव्हाचा, तिला मांडीवर घेऊन मी दारातून तुम्हाला हाका मारत होते. म्हणून तो 'गोवर'. एक अगदी वाटोळा आहे, तो 'दूध उतू गेलं'. एक हललेला आहे, कारण मी चहा घेऊन आले आणि माझा धक्का लागला. तो 'चहा'. चंद्रप्पा गुमान टाईप करत होता. 'भांडण एक', 'भांडण दोन' झाल्यावर त्यानं खुर्ची वळवली आणि म्हणाला, "काकू, गुरुजी आल्यावर मला मारतील. ह्याच्यात चंद्र कुठंच न्हाई."

तुम्ही रागावाल, ते मला ठाऊक आहे. पण मला काहीतरी करणं भाग होतं. गल्लीत रोज कुणीतरी विचारायचं, गुरुजी कधी येणार, काम कुठवर आलं. आधी तुम्ही फोनवर सांगायचात तेच मी सांगायचे. मग एक दिवस त्यात थोडं माझ्या पदरचं घातलं, की मोठमोठे लोक येऊन फोटो बघून गेले. पुढच्या वेळी म्हणलं, दिल्लीला पाठवणार आहेत. सकाळी अमृतरावांना सांगितलेली दिल्ली संध्याकाळपर्यंत अमेरिका झाली. झालं, त्यांनी सत्कार ठरवला, पुढच्या रविवारी, मारुतीच्या पारावर. नव्या जिल्ह्याचा पहिला सत्कार आपल्या गल्लीत, म्हणतात. अहो, पण जिल्हा अजून झालेला नाही आणि गल्ली तर लातुरात आहे, म्हणलं, तर म्हणाले, "ट्रायल समजा." बॅनरही छापून आलाय. सिंधूच्या लग्नातला तुमचा फोटो कापून घेतलाय आणि डोक्याच्या मागं चंद्र लावलाय. लांबून बघितलं तर तुम्ही दत्तगुरूंसारखे दिसताय, फक्त चष्मा आहे.

म्हणून परवा टँकरच्या रांगेत मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात टँकर आला. कुणी एक शब्द ऐकला नाही, माझी घागर तेवढी मागं राहिली. शेवटी रात्री जेवणं झाल्यावर अमृतरावांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "म्हंजे फोटो खोटे हायत का?" मी म्हणलं, खरे आहेत, पण नांदेडवाल्यांकडं याच्याहून कितीतरी साफ आहेत. "मंग सत्काराला काय झालं? शाल आणून ठेवलीय, दुकानदार मागारी घेत न्हाई." आणि आतून गौरम्मा आली. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या प्रदर्शनात मी आले होते. तवर मला चंद्रात ससा दिसायचा. गुरुजींनी हात धरल्यावानी एकेक खड्डा दाखवला, तवापासून ससा दिसंना झालाय. आता ते नांदेडवाले न्हाई म्हणले म्हणून काय माझा ससा परत येणार हाय?" मला एकदम रडूच आलं. तिला वाटलं सशासाठी रडतेय.

तर पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. चैत्रात एका मुलीचा घरी फोन आला होता, त्या नांदेडच्या संस्थेतून. आवाज गोड होता बिचारीचा. म्हणाली, आजोबांचे फोटो आम्ही बघितले, थोडे उतरवलेही, पण असे आणि याहून चांगले आमच्याकडं भरपूर आहेत, त्यामुळं ठेवून घेता येत नाहीत. आजोबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि उठून गेले. डबा इथंच राहिलाय, कधी नेता? म्हणजे तेव्हापासून तुमचं तिथलं काम संपलेलं आहे. आणि सिंधू सांगते, बाबा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघतात, संध्याकाळी येतात, काम लई वाढलंय त्यांचं. मी तिला खरं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, डबा रिकामा परत येतो का? हो म्हणाली, तेव्हा जिवाला बरं वाटलं. दिवसभर कुठं बसता मला ठाऊक नाही, गोदावरीच्या घाटावर बसत असाल. ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधत जा. इथं कुणाला तोंड कसं दाखवू, या काळजीत असाल, तर ती काळजी मी परवा मिटवून आलेय. रविवारी या, नाही तर सत्कार झाल्यावर सोमवारी या, शाल मी घेऊन ठेवीन. पण या. ते 'भांडण दोन' काढून त्या जागी खड्ड्याचं खरं नाव लिहायचं आहे, ते माझ्यानं होत नाही. येताना त्या पोरीकडून पापडाचा डबा तेवढा घ्या. सिंधूनं विचारलं, बाबा, एवढं काम टाकून एकाएकी का निघालात, तर बायकोनं बोलावलंय म्हणून सांगा. ते काही खोटं नाही.

तुमचीच,
कस्तुरा