मावशीचे ताट

७ ऑक्टोबर
बिबवेवाडी. शेलारकाकींच्या गोदामात पहिला पूर्ण दिवस. लग्नकार्यांना भांडी भाड्याने देण्याचा व्यवसाय. त्याची आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, फॉक्सप्रो या जुन्या भाषेतली, वयाने माझ्या मुलीएवढी. ज्याच्यावर ती चालते तो संगणक डावीकडून थाप मारल्याशिवाय सुरू होत नाही. काकी थाप सहज मारतात. मला जमली नाही.

काम : सगळे जावामध्ये नव्याने लिहिणे. मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत, कारण पुढे मुहूर्तांची रांग. त्याआधी एक लहान कार्य नव्या आज्ञावलीवर (यापुढे न. आ.) पार पाडून दाखवायचे, ही काकींची अट. "नाही जमलं तर माझं जुनं बरं, मॅडम."
नाही जमलं म्हणजे काय?

१० ऑक्टोबर
जुनी आज्ञावली (जु. आ.) वाचत आहे. लिहिणारे कोणी देव, हल्ली मुलाकडे बेंगळुरूला. आडनाव देव, करणी दैत्याची. चलांना (व्हेरिएबल्सना) नातेवाइकांची नावे. परत आलेली भांडी म्हणजे 'बंडू', हरवलेली म्हणजे 'बाळू'. एकाही ओळीला टिपणी नाही. माझ्या विद्यार्थ्याने हे दाखवले असते तर त्याला पुढच्या वर्षी पुन्हा भेटावे लागले असते.

१४ ऑक्टोबर
आज फार मजा आली. कॉलेजात इतकी वर्षे संगणकातली 'वस्तू' (ऑब्जेक्ट) शिकवली. डोळ्यांपुढे नेहमी फळ्यावरचा चौकोन. इथे वस्तू म्हणजे खरोखरच वस्तू, बोटाने वाजवली तर नाद देणारी. 'भांडे' हा मूळ वर्ग (क्लास). ताट, वाटी, पातेले ही त्याची अपत्ये. जेवताना माधवला आराखडा समजावला. लक्षपूर्वक ऐकून म्हणाला, "आणि ओगराळं कोणाचं?"
नवरा असला तरी प्रश्न रास्त. वाढायचे ओगराळे हे भांडे धरायचे का? उद्या पाहते.

१९ ऑक्टोबर
जु. आ. मध्ये 'मावशी' सापडली. किंमत एक. कुठेही बदलत नाही, बिलात येत नाही, परतीच्या मोजणीत येत नाही. फक्त पाठवायच्या संख्येत मिळवली जाते. दोनशे ताटे मागवा, दोनशे एक निघतात. मोजणी शून्यापासून करायची की एकापासून, हे न कळणाऱ्यांची नेहमीची चूक. देवांनी ती सुधारण्याऐवजी तिचे बारसे केले.
मावशी काढून टाकली. न. आ. आता निर्दोष.

२६ ऑक्टोबर
परीक्षेचे कार्य : सहकारनगरमध्ये एका गृहस्थांची एकसष्टी. न. आ. ने दोनशे ताटे काढली, दोनशेच टेम्पोत चढली. मी घरी समाधानाने पोहे करत होते.
दुपारी काकींचा फोन.
"मॅडम, ताट कमी पडलं."
"दोनशे मागितली, दोनशे दिली."
"तेच म्हणते मी. मावशी कुठंय?"
क्षणभर वाटले, बाईंना ऊन लागले. मग कळले. प्रत्येक कार्यात एक मावशी येतेच, जिला कोणी बोलावलेले नसते. कधी ती चुलत असते, कधी शेजारची, कधी चक्क पुरुष असते. तिच्यासाठी काकींच्या सासूबाईंपासून एक ताट जास्त जाते. त्याचे भाडे नाही, परत नाही आले तर विचारणा नाही. आज खरीखुरी मावशी आली, साताऱ्याहून. तिला ताट मिळाले आणि उत्सवमूर्तींना परातीत जेवावे लागले.
काकी रागावल्या नाहीत, हे अधिक लागले. "राहू दे मॅडम. मी थाप मारीन त्याला."

२७ ऑक्टोबर
चूक शून्याची-एकाची असती तर पातेल्यांतही दिसली असती. मावशी फक्त ताट, वाटी आणि पेल्यात होती. समोर होते, वाचले नाही.
देवांना फोन लावला. आवाज ठणठणीत.
"मावशी काढलीत? अहो, आपण पुण्याच्याच ना?"
"टिपणी लिहायला काय झालं होतं आपल्याला?"
"मावशीची ओळख करून द्यावी लागते?"
फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. रोखठोक हिशेबाच्या आज्ञावलीत ह्या माणसाने न बोलावलेल्या पाहुण्याची सोय करून ठेवली होती, आणि मी ती सुधारली.
काकींकडून आणखी एक संधी मागून घेतली. मुहूर्तांतले पहिले लग्न.

३० ऑक्टोबर
जु. आ. मध्ये मावशी ठिकठिकाणी विखुरलेली होती. आता तिचा स्वतंत्र वर्ग आहे, एकाच जागी, टिपणीसह. टिपणी सात वेळा लिहिली. शेवटची : 'ही चूक नाही.'
तिला प्रसंगानुसार दोन-तीन करता येईल अशी सोय ठेवावी का? देवांना विचारले. "एकच ठेवा. दोन झाल्या की भांडतात."
एकच ठेवली. इतके आनंदाने लिहिलेले काम मला आठवत नाही. ओगराळ्याचाही प्रश्न सुटला.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त
न. आ. ने चारशे ताटांच्या मागणीवर चारशे एक काढली. काकींनी स्वतः मोजली. बरोबर भरली.
मग म्हणाल्या, "चला कार्यालयात, डोळ्यांनी बघा." माधवलाही ओढून नेले. आम्हाला निमंत्रण नव्हते. काकी म्हणाल्या, त्यांनाही नाही, पण त्या जेवून आल्यात. शेवटची पंगत बसली. सगळ्या पाहुण्यांना ताटे पुरली, एक ताट उरले. मला इतका आनंद झाला की मी काकींचा हात धरला. वधूच्या वडिलांनी ते पाहिले आणि मला आणि माधवला आग्रहाने पाटावर बसवले. मधे ते एकच ताट.
माधव ताटाकडे पाहून म्हणाला, "तुझ्या वर्गात मावशीचा नवरा धरला आहेस का?"
काकी माझ्याकडे पाहत होत्या. जुना संगणक भंगारात द्यायचा की नाही, म्हणजे मी पास की नापास, हे विचारायची तीच वेळ होती. विचारले.
"आधी जेवा," म्हणाल्या. "आणि मॅडम, जिलबी साहेबांच्या बाजूला सरकवा."