शांताबाईच्या घरचा सत्कार

३ फेब्रु., मंगळ.
"गावकऱ्यांनो, आपल्या दवाखान्यात ऑपरेशनचं टेबल आहे, भूल देणारा डॉक्टर नाही. म्हणून पोट धरून तुम्हाला जीपने अकोला गाठावं लागतं!" सोमवारच्या सभेसाठी एवढं लिहिलं. विधानसभेतही हेच गरजले. बाकं वाजली. भूलतज्ज्ञाची जागा रिकामीच.
मी केरळातून सर्जन म्हणून आले तेव्हा भूलतज्ज्ञ होता; याच टेबलावर दिवसाला चार-चार ऑपरेशनं करायचे. आमदार झाल्यापासून लोक शिफारसपत्र मागतात. नाडी कुणी पुढे करत नाही.

५ फेब्रु., गुरु.
शांताबाईकडे. इथे नवीन होते तेव्हा तिच्याच घरात भाड्याने राहिले, मराठी तिनेच शिकवली. तिच्या सुनेचा निरोप होता, "आत्याबाईले बरं नाही, येऊन जा."
गेले तर ओसरीत खुर्ची, शाल, नारळ, सरपंच, फोटोवाला.
"शांताबाई कुठंय?"
"आत पडली हाय," सून म्हणाली. "ग्यास झाला तिले. आधी सत्कार होऊ द्या, म्याडम."
बसले. सरपंच लांबले. मग मीही बोलले, चांगलीच रंगले. पाऊण तास.
आत गेले. पोट लाकडासारखं घट्ट. आतडं फुटलेलं.
शांताबाई तशातही म्हणाली, "काऊन वं, मोठी झाली तं आता सत्काराच्या मागून येतं काय?"
आधीच आत का नेलं नाही म्हणून सुनेवर ओरडले. ती रडायलाच लागली. "आमदाराले पोट दाबाले कसं सांगाव जी?"
जीप आमच्याच दवाखान्यासमोरून गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर. अकोल्यापर्यंत तिची नाडी धरून बसले.

८ फेब्रु., रवि.
शांताबाईचं ऑपरेशन गुरुवारीच झालं. अजून व्हेंटिलेटरवर. तिथला सर्जन पोरसवदा, नम्र. "मॅडम, थोडं आधी आणायला हवं होतं." काय सांगू त्याला? माझं भाषण चालू होतं?
थ्रिसूरहून बहिणीचा फोन. मल्याळममध्ये सांगायला लागले, शब्द मराठीच येत राहिले. तिला काही कळेना. शेवटी "जेवलीस का" एवढंच विचारून तिने ठेवला.
जेवले नव्हते.

९ फेब्रु., सोम.
सकाळी अकोल्याला फोन. शांताबाई तशीच.
दुपारी सभा. लिहिलेलं भाषण फाडलं. भूलतज्ज्ञासाठी भांडेनच, पण आज ते नाही. आज माइक हातात घेऊन एवढंच:
मंडळी, शाल-नारळ बाजूला ठेवा. ज्याच्या घरी आत्ता कुणी दुखण्याने पडलंय, त्याने हात वर करा. आधी तुमच्या घरी जाऊ.