कट म्हणेपर्यंत

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही सगळेही बरे असाल. पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून म्हटलं कागदच पाठवावा. कागदाला ‘मीटिंगमध्ये आहे’ असं सांगून कटवता येत नाही.

आईचा खुबा कसा आहे? वहिनी म्हणाली, वॉकरशिवाय चार पावलं टाकते. तू मात्र तिला जेवायलाही पलंगावरच देतोस म्हणे. अरे, तिला टेबलाशी बसू दे. जेवताना तिला सगळ्यांच्या ताटात डोकवायचं असतं, त्याशिवाय तिचा घास उतरत नाही. पोरांचा अभ्यास? धाकटीचे दात आले का पुढचे?

इकडे घर जसंच्या तसं आहे. आणि हे मी बोलण्याच्या ओघात लिहीत नाहीये. खुर्च्यांच्या पायांभोवती खडूच्या खुणा आहेत, पुसट झाल्या की मी पुन्हा गिरवते. भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर लटकतोय. खिडकीचा पडदा उन्हाने विटला, तर त्याच रंगात बुडवून आणला. परवा वायरमन आला होता. म्हणाला, “बाई, पंखा बदला, डोक्यात पडेल एक दिवस.” मी म्हटलं, “नाही बदलता येणार, तो शॉटमध्ये आहे.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी कीव आली. चहा न घेताच गेला बिचारा.

तुला वैताग येतो हे ऐकून, ठाऊक आहे. पण पडद्यावर आपल्या सिनेमात एकच दिवस आहे. बाई सकाळी उठते, घर आवरते, संध्याकाळी पिशवी घेऊन कायमची निघून जाते. एवढंच. हा एक दिवस शूट करायला तीन वर्षं लागली, कारण कॅमेरावाला मालिकेतून सुटला की येणार, साउंडवाली मध्येच बाळंतपणाला गेली, मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. नोकरी सांभाळून सिनेमा करायचा म्हणजे असंच. ऑफिसात मी काय करते सांगितलं होतं ना? कंपन्यांसाठी सुरक्षेच्या फिल्मा जोडते. ‘आग लागल्यास घाबरू नका. जवळच्या दाराकडे शांतपणे चालत जा.’ हे वाक्य दिवसातून चाळीसदा ऐकायचं आणि घरी येऊन खडूच्या खुणा गिरवायच्या. मी स्वतः तीन वर्षांत कुठल्या दाराकडे गेलेले नाही. इथे खिळा ठोकायची चोरी झाली आहे.

पण दादा, आई! तू तिला कधी काम करताना पाहिलंच नाहीस. पहिल्या दिवशी शिलाई मशीनवर बसली आणि भर शॉटमध्ये माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, गॅस बंद केलास का?” मग मी तिला एकच नियम शिकवला. मी कट म्हणेपर्यंत तू आई नाहीस. माझ्याकडे बघायचं नाही, उठायचं नाही, काही झालं तरी मोडायचं नाही. आयुष्यभर मुलींना शिवण शिकवणारी बाई ती, माप एकदा घेतलं की सुताभर इकडचं तिकडे होणार नाही. एकदा शॉट चालू असताना दूध उतू गेलं. करपल्याचा वास घरभर. मला वाटलं आता उठणार. कुठली उठते! टीप पूर्ण घातली, दोरा तोडला, मी कट म्हटलं तेव्हा कुठे धावली. मग महिनाभर येईल त्याला सांगत होती, “दूध गेलं, पातेलं गेलं, पण मी नाही उठले.” तिला इतकं खूश मी बाबा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं. मला विचारशील या तीन वर्षांत मला काय मिळालं, तर हे. दोन शॉट्सच्या मध्ये आम्ही दोघी खिडकीत बसून चहा प्यायचो आणि ती मला शिकवायची की मी कुठे चुकतेय.

आता मुद्द्यावर येते. नमनाला घडाभर तेल झालंच आहे. एका महोत्सवाच्या बाईंना मी अर्धाकच्चा सिनेमा पाठवला होता. त्यांना आवडला! आईच्या एका प्रसंगाबद्दल पानभर लिहिलंय. कुठला ते राहू दे. त्या म्हणतात, वीस तारखेपर्यंत शेवटासकट पूर्ण करून पाठवा, आम्ही दाखवतो. घोडं पेंड खातं ते शेवटाशीच. आई दार ओढून घेते आणि जिना उतरते, एवढंच राहिलंय. दोन मिनिटांचं काम आहे. जिना नको असेल तर नुसतं दार ओढू दे. तू तिला गाडीतून घेऊन ये, मी अर्ध्या दिवसात परत पाठवते. शपथ.

ती घरातून गेली नाही तर सिनेमाच नाही रे. नुसती एक बाई घरात बसलेली.

तुझी
भुंगी

ता. क. वहिनीकडून निरोप मिळाला, पायरीजवळची आधाराची दांडी हलते का बघ म्हणून. दांडी हलत नाही. त्याबद्दल भेटीत बोलू.


११ मार्च

दादा,

तुझं पत्र काल आलं. मी ते जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून राहिले. वरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन माझ्या अंगावरून ओलांडून गेल्या, तरी मला हलायचं सुचलं नाही.

तू लिहिलंस की आई येणार नाही. ते मी समजू शकते. पण पुढचं मी तीनदा वाचलं. ‘मी पाठवलेली दांडी हाताशी असून जी बाई धरत नाही, तिचं चित्त ठिकाणावर नाही. विचारलं तर एकच सांगते, लक्ष नव्हतं. म्हणून आता आम्ही दोघं कामावर जाताना तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. सोमवारी विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे.’

बाहेरून कडी. आपल्या आईला.

तू वाईट नाहीस, तुला भीती वाटते म्हणून करतोस. पण भीती ज्यावरून वाटते ते सगळं मी रचलेलं आहे. आता नीट बस आणि वाच. मध्येच उठून फोन करू नकोस, कारण फोनवर मला हे जमणार नाही.

दांडी नव्हती.

तू पाठवलेलं खोकं दोन महिने पलंगाखाली पडून होतं. तू फोनवर विचारलंस, बसवली का? मी म्हटलं, बसवली. सुतार दोनदा येऊन गेला आणि दोनदा मी त्याला परत पाठवलं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत उतरायची ती उंच पायरी आणि तिची चौकट सिनेमात ठिकठिकाणी आहे. तिथे मध्येच चकचकीत दांडी उगवली असती तर आमचा एक दिवस मोडला असता. आई म्हणायची, “गुडघा दुखतो गं, धरायला काहीतरी हवं.” मी म्हणायचे, “एवढा सीन होऊ दे.” प्रत्येक वेळी एवढाच सीन. ‘दांडी हलत नाही’ असं मी तुला गेल्या पत्रात लिहिलं, ते खरंच आहे. खोक्यातली दांडी कशाला हलेल? हे लिहिताना मला हुशारी वाटली होती. थू माझ्या हुशारीवर.

आणि त्या दिवशी ती एकटीही नव्हती. मी बाजारात गेले होते हे खोटं. मी समोर होते, कॅमेऱ्यामागे. कॅमेरावाला आला नव्हता, म्हणून कॅमेरा मीच चालवत होते, आवाजही मीच घेत होते. आईने कपड्यांचा गठ्ठा घेऊन पायरी उतरायची होती. दोनदा ती नीट उतरली. चांगली उतरली. मीच म्हटलं, “आई, अजून एकदा. जरा घाईत.”

तिसऱ्यांदा ती पडली.

मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या मनाने करतेय. मागे तिने एकदा वाटी मुद्दाम सांडली होती आणि मी तिला डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळे मी थांबले, बघत राहिले. पण दादा, माझ्या कानात हेडफोन होते आणि तिच्या गळ्याशी माइक होता. तिचा श्वास बदलला तो मला ऐकू आला. कधी ऐकू आला तेही सांगते, कारण नंतर मी सेकंद मोजलेत. दहाव्या सेकंदाला मला कळलं की हे खरं आहे. मी चौतिसाव्या सेकंदाला उठले. मधले चोवीस सेकंद काय करत होते ते त्या शॉटमध्ये दिसतं. आईचा चेहरा आधी धूसर आहे, मग हळूहळू स्वच्छ होतो. मी फोकस लावत होते.

आणि ती ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ओठ पांढरे पडले होते, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी तोंडातल्या तोंडात म्हणाली, “झालं का गं? कट म्हण ना.”

मी हेडफोन फेकून धावले. बाकीचं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते हे, की ॲम्ब्युलन्समध्ये तिनेच माझा हात धरून सांगितलं, “दादाला काही बोलू नकोस. पाय घसरला म्हणू. दांडीचं विचारलं तर होती म्हणू.” आणि मी हो म्हटलं. मला तेव्हा बरं वाटलं, सुटल्यासारखं. तुला वाटत असेल ती विसरते. अरे, तिच्याइतकं पक्कं कुणालाच आठवत नाही. तू रोज तिला रागावतोस, तिला वेड्यात काढतोस, तिच्यावर कडी घालतोस आणि ती रोज तेच एक वाक्य न चुकता म्हणते. लक्ष नव्हतं. लक्ष होतं रे तिचं. माझ्यावर होतं.

महोत्सवाच्या बाईंनी पानभर लिहिलं ते याच प्रसंगाबद्दल. ‘इतका खरा अभिनय फार दिवसांत पाहिला नव्हता.’ मी ते पत्र फ्रिजवर लावलं होतं, दादा. लोकांना दाखवलं होतं.

काल ते उतरवलं. बाईंना कळवलं की सिनेमा येणार नाही. तो शॉट काढला तर मध्ये भोक पडतं, शेवट तर नाहीच, मग राहिलं काय? रडले. आईसाठी नव्हे, त्या शॉटसाठी रडले, हेही तुला माहीत असू दे. आयुष्यात तेवढं चांगलं मी पुन्हा काही करीन असं वाटत नाही, आणि ते मला कुणालाही दाखवता येणार नाही.

तुला मात्र पाठवतेय. पाकिटात छोटी पेनड्राइव्ह आहे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही, तेव्हा डोळ्यांनी बघ. चौकटीवर दांडी नाही हे दिसेल. सोमवारी त्या डॉक्टरांनाही दाखव हवं तर. पण आईसमोर लावू नकोस.

आज सकाळी सुताराला बोलावलं. त्याने खोकं उघडलं, चौकट बघितली आणि म्हणाला, “आता कुणासाठी बसवताय?” मी म्हटलं, “तुम्ही बसवा हो.” तो ड्रिल चालवत होता तेव्हा मी खडूच्या खुणा पुसत होते. त्या सहज जात नाहीत, फरशीत मुरल्यात. मग कॅलेंडर काढलं. पंख्याचंही बघते. आईला परत पाठव असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. तिला कुठे राहायचं ते तिलाच विचार. मला काय बोलायचं ते येऊन तोंडावर बोल, मी घरीच आहे. मार खायचीही तयारी आहे, लहानपणी खायचे तशी.

एकच काम कर. हे पत्र वाचून झालं की आधी कडी काढ. रविवारी फोनवर आई मला दर वेळी एवढंच विचारते, “संपलं का गं?” मला वाटायचं सिनेमाचं विचारतेय. त्या दिवशी मी नुसतीच धावले होते, दादा. तो शब्द मी म्हटलाच नाही. ती अजून तिथेच आहे, मी शिकवलं तशी, मोडत नाहीये.

तिच्याजवळ बस, आणि माझ्या वतीने तिला सांग. कट. झालं, आई. आता माझ्याकडे बघितलंस तरी चालेल.

तुझी खोटारडी,
भुंगी