समाधीशेजारचं तळं

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

खारफुटीवरचा लेख उद्या द्यायचा आहे आणि मी हे लिहीत बसलोय.

पुतणी श्वेता कोकणातल्या खारफुटीत किती कार्बन साठलाय त्याचा अंदाज काढते. झाडांचे घेर मोजले की लाकडातला कळतो. पण बराचसा खालच्या चिखलात असतो, म्हणून ती नळीनं खोलवरचा गाळ काढते. तसली एक नळी तिनं आज आमच्या फ्रिजमध्ये ठेवली.

"दुधाशेजारी चिखल! लई शिकलीस गं," आई म्हणाली.

श्वेतानं नळी उघडून दाखवली. आत एक पान, शीर न् शीर शाबूत.

"आजी, हे तुझ्या जन्माआधीचं असेल. पाण्याखालच्या चिखलात हवा न्हाई, म्हणून कुजत न्हाई."

आई पानाकडे बघतच राहिली. "मग तुझे आजोबा बी तसेच बसून आसतील का?"

आम्ही लिंगायत. माणसाला बसवून पुरतो. शिरूरच्या शेतात बाबांची समाधी आहे आणि भावानं औंदा तिला लागूनच शेततळं खोदलंय.

"काहीतरीच, आई," मी म्हणालो. श्वेता हसेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "काका, तळ्याचं पाणी तिथवर झिरपतं का?"

झिरपतं. मागच्या खेपेला माझी चप्पल रुतली होती.

"तळं उपसून टाका," आई म्हणाली. "माणूस मातीत मिसळाया पायजे."

भावाला फोन केला. "येडा झालास का? पिकाला काय देऊ?" शेवटी कबूल झाला. आईच्या समाधानासाठी, असं त्याला सांगितलं. खरं म्हणजे डोळे मिटले की ते पान दिसतं, आणि मग बाबांचा हात.